अडकलेला गंधार

एक जॅझ अल्बम: पाच रचना, एकेचाळीस मिनिटं. वाजवायला दोन दिवस लागले आणि लोकांच्या कानापर्यंत पोचवायला पाच महिने. ऑगस्टात रेकॉर्डिंग झालं, जानेवारीत ते बाहेर पडलं. मधल्या काळात बायको दर रविवारी विचारायची, "झालं का एकदाचं?" आणि मी दर रविवारी "जवळजवळ" म्हणायचो.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन लोकांनी केलेले पार्ट रिजेक्ट करायचे आणि शनिवार-रविवारी सॅक्सोफोन वाजवायचा, असं बावीस वर्षं चाललंय. बहुतेक वेळा हॉटेलच्या लॉबीत, कधी रिसेप्शनला, आणि क्वचित कधी खरोखर जॅझ ऐकायला आलेल्या तीस-चाळीस माणसांसमोर. लॉबीतली फर्माईश ठरलेली: 'रूप तेरा मस्ताना'. मला तिचा कंटाळा येत नाही. त्या गाण्यातला सॅक्सोफोन मनोहारी सिंगांचा, आणि तेच मनोहारी सिंग रेकॉर्डिंगला फ्लूटही वाजवायचे, चाव्यांची, धातूची. दोन्ही वाद्यं सांभाळणारी माणसं जॅझमध्ये बरीच झाली, एरिक डॉल्फी, युसेफ लतीफ, चार्ल्स लॉइड. पण मी लहानपणी रेडिओवर ऐकला तो आपला हा माणूस, तेव्हा नावही माहीत नव्हतं.

सदाशिव पेठेत एका गुरुजींकडे मी आठवीत बासरी शिकायला लागलो. सॅक्स कॉलेजात हाती आला, फ्लूट त्याच्याही नंतर. अजून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सॅक्सचा रियाज गोधड्यांच्या कपाटात भोंगा खुपसून करतो. सोसायटीची तक्रार नाही, बायकोची आहे, की गोधड्यांना पितळेचा वास येतो.

दोन वाद्यं म्हटली की लोकांना कौतुक वाटतं. ओठांना विचारा. सॅक्सला खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर रीड, म्हणजे आवाज काढणारी पातळ पट्टी, टेकवायची आणि कडा आवळून धरायच्या. फ्लूटला ओठ सैल, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट. तासभर सॅक्स वाजवून फ्लूट तोंडाला लावली की ओठ आपले राहिलेले नसतात. निम्मी हवा बाहेरच जाते, सुराऐवजी फुसफुस येते. उलट क्रमाने मात्र निभतं. त्यामुळे पहिला निर्णय ओठांनीच घेतला: सकाळी फ्लूट, जेवणानंतर सॅक्स. एका रचनेत मधेच वाद्य बदलायचं होतं, तिथे बेसवाल्याला सोळा मात्रांऐवजी बत्तीस मात्रांचा सोलो दिला. त्याला वाटलं मी त्याच्यावर खूश आहे. मी त्या वेळात कोपऱ्यात उभा राहून ओठ चोळत होतो.

दुसरा निर्णय माझा, आणि पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. हल्ली रेकॉर्डिंग थरांनी होतं. आज ड्रम्स, उद्या बेस, पुढच्या आठवड्यात पियानो, सगळ्यात शेवटी सॅक्सवाला येऊन हेडफोन लावून एकटाच वाजवतो. चूक झाली की तेवढंच पुसायचं. मला ते नको होतं. चार्ल्स लॉइडने झाकीर हुसेन आणि ड्रमर एरिक हार्लंड यांच्याबरोबर केलेली 'संगम' मी इतक्या वेळा ऐकली आहे की सीडीवर चरे पडलेत. ती २००४ साली मैफलीतच रेकॉर्ड झाली. एक वाजवतो तेव्हा दुसरा ऐकतोय, हे त्यात ऐकू येतं. म्हणून आमचं ठरलं, चौघे एका खोलीत, एकाच वेळी. म्हणजे माझा सॅक्स पियानोच्या माइकमध्ये शिरणार, ड्रम्स माझ्या माइकमध्ये शिरणार, आणि कोणाचीही चूक एकट्याची राहणार नाही. रेकॉर्डिस्ट पोरगा पंचविशीचा. त्याने शांतपणे विचारलं, "काका, नक्की ना? मग नंतर काही करता येणार नाही." मी मोठ्या रुबाबात नक्की म्हणालो.

स्टुडिओ एरंडवण्यात, डीपी रस्त्याच्या आत, एका बंगल्याच्या तळघरात. तिथे खराखुरा पियानो होता एवढ्यासाठी तो घेतला. उभा, जुना, पण आदल्या दिवशी ट्यून करून घेतलेला. तासाला दीड हजार, दोन दिवस, रोज आठ तास. बाकी तिघांना मानधन, जेवण, आणि बेसवाल्याच्या बेसला टेम्पो. जॅझवाले टेम्पो म्हणजे लय समजतात, पण डबल बेस कॅम्पातून एरंडवण्यात आणायचा तर टेम्पो तीनचाकीच लागतो.

शनिवारी सकाळी फ्लूटच्या दोन रचना. माइक कुठे लावायचा इथपासून सुरुवात. नवख्या माणसाला वाटतं सॅक्सचा आवाज पुढच्या भोंग्यातून येतो. भोंग्यातून फक्त अगदी खालचे सूर येतात, बाकीचे अंगावरच्या भोकांतून. त्यामुळे माइक भोंग्यात न रोखता थोडा लांबून मधल्या चाव्यांकडे बघत ठेवायचा. फ्लूटचंही तसंच, टोकाला माइक लावून उपयोग नाही. पोराला हे सगळं माहीत होतं. मीच उगाच काळजी करत होतो.

खरा त्रास एसीने दिला. एसीचा घरघराट माइकमध्ये येतो म्हणून टेक सुरू झाला की तो बंद करायचा. चार माणसं, दिवे, तळघर, बाहेर पाऊस. तासाभरात खोली तेवीस अंशांवरून अठ्ठावीसवर. हवा तापली की फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर चढतो, अंशाला साधारण तीन सेंट, आणि शंभर सेंटचा एक अर्धस्वर. म्हणजे मी पंधरा सेंट चढलो आणि पियानो आदल्या दिवशी लावलेल्या आपल्या सुरावर बसून राहिला. पंधरा सेंट लॉबीत कोणाला कळत नाहीत. हेडफोनमध्ये ते दातात अडकलेल्या सुपारीसारखे असतात. मग फ्लूटचा डोक्याकडचा भाग जरा बाहेर ओढ, एसी लावला की आत ढकल, परत ओढ. असं दिवसभर.

या बाबतीत मला एका जगप्रसिद्ध घोळाचा आधार वाटतो. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू मार्च १९५९ मध्ये ज्या टेप मशीनवर रेकॉर्ड झाली ते मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर ती बाजू जराशी चढी वाजायची, आणि हे १९९२ मध्ये दुरुस्त झालं. तेहतीस वर्षं जगभरचे विद्यार्थी त्या रेकॉर्डबरोबर वाजवताना आपलंच वाद्य उतरलं म्हणून पिळत बसले असणार. मी त्यातलाच एक.

शनिवार तरी पार पडला. रविवारी दुपारी राहिली होती ती जोगवरची रचना, माझी सगळ्यात लाडकी, सॅक्सवर. जोग म्हणजे दोन गंधारांचा राग, गंधार म्हणजे सा-रे-ग मधला ग; शुद्ध वरचा, कोमल त्याच्या अर्धस्वर खाली. चढताना शुद्ध, उतरताना कोमल, रिषभ-धैवत नाहीतच, निषाद कोमल. ब्लूजवाल्यांचा जीवही नेमका त्याच तिसऱ्या सुरावर, तो मोठा की छोटा हे शेवटपर्यंत ठरू न देण्यात. त्यामुळे जोगखाली ब्लूजच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, घालणं ही काही माझी अक्कल नाही, ती जागा आधीपासून तिथे आहे. फक्त जोगला शिस्त आहे. चढताना कोमल गंधार लावलात तर गुरुजी चष्म्यावरून बघतात.

सा धरला होता पियानोची पांढरी पाच, म्हणजे जी. ऑल्टो सॅक्सवर त्याच सुराला ई म्हणतात, कारण ऑल्टोचं लिखाण सरकवलेलं असतं. ई हा सा, म्हणून शुद्ध गंधार जी-शार्प आणि कोमल गंधार साधा जी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला टेक ठीक. दुसरा टेक मात्र असा लागला की सोलोच्या मध्यावर ड्रमरने डोळे मिटले. मी गेल्या पाच वर्षांत इतकं मोकळं वाजवलं नव्हतं. शेवटचा सूर विरला, आम्ही श्वास रोखून उभे, आणि त्या शांततेत लांबून आवाज आला: धाड... धाड... धाड-धाड.

गणपती महिन्यावर आले होते आणि म्हात्रे पुलाजवळ नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू झाला होता. एरवी ते संध्याकाळी सहाशिवाय सुरू करत नाहीत, म्हणून आम्ही सहापर्यंतच वेळ घेतली होती. रविवार आहे हे डोक्यातच आलं नाही. ढोलाचा खालचा आवाज भिंतीला जुमानत नाही, दारं-गाद्या-फोम सगळं वरच्या सुरांसाठी. पोराने बेसचा माइक एकटा लावून दाखवला. सोलोच्या दुसऱ्या आवर्तनापासून ढोल होता, आणि शेवटी तर आमचा ड्रमर नकळत त्यांच्या लयीकडे ओढला गेला होता.

नंतर हा किस्सा ज्याला सांगितला त्याने हेच म्हटलं, अरे ठेवायचा की तोच टेक, पुण्याचा जॅझ म्हणजे त्यात ढोल हवाच! मला हे पटत नाही. ढोल आमच्याबरोबर वाजत नव्हता, आमच्यावर वाजत होता. ते ऐकत नव्हते आणि आम्हाला ऐकू येत नव्हतं. अपघाताने दोन आवाज एकत्र आले म्हणजे संगीत होतं असं मला वाटत नाही. कारखान्यात जसा पार्ट बाजूला टाकतो तसा तो टेक मी बाजूला टाकला. जड गेलं, पण टाकला.

पथक थांबेपर्यंत चहा घेऊ असं ठरलं. समोरच्या टपरीवरून चहा आला, बरोबर क्रीमरोल. सॅक्स वाजवायच्या मधे गोड खाऊ-पिऊ नये हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगतो. साखर थुंकीबरोबर वाद्यात उतरते आणि चामड्याच्या पॅडना चिकटते. सॅक्सवरचं जी-शार्पचं पॅड बंद असतं, करंगळीने चावी दाबली की एका नाजूक स्प्रिंगवर ते उचललं जातं. ओलं-गोड झालं की चावी दाबली जाते, पॅड जागचं हलत नाही. यावर उपाय म्हणजे पानटपरीवरचा सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली सरकवून ओल टिपून घ्यायची. कागदाचं पाकीट माझ्या केसमध्ये कायम असतं. त्या दिवशीही होतं. मी दोन क्रीमरोल खाल्ले आणि केस उघडली नाही.

पाच वाजता नदीवर शांतता झाली. तिसरा टेक. मुखडा चांगला गेला, सोलो सुरू झाला, आणि तिसऱ्या आवर्तनात मी खालून चढत आलो, सा... आणि शुद्ध गंधारावर करंगळी दाबली. आला कोमल. भरदार, मोठा, पूर्ण ताकदीने फुंकलेला कोमल गंधार, अगदी चुकीच्या जागी.

पॅड चिकटलं होतं. पुढे काय झालं ते मला त्या वेळी नीट कळलंही नाही. मी घाबरून मध्यमावर उडी मारली, करंगळी आपटली, पॅड सुटलं, पुढे वाजवत राहिलो. पियानोवाल्याने मात्र तो सूर ऐकला होता. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरगा, एरवी मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. पुढचं आवर्तन आलं तेव्हा जिथे जी सेव्हन होती, शुद्ध गंधाराची मेजर कॉर्ड, तिथे त्याने अलगद कोमल गंधाराची जी मायनर ठेवली. जणू मी मुद्दाम विचारलं होतं आणि तो उत्तर देत होता. बेसवाला त्याच्या मागे गेला. रचना तिथून एक पायरी अंधारात उतरली, आणि शेवटच्या मुखड्यापर्यंत तिथेच राहिली.

टेक संपल्यावर मी पहिलं वाक्य बोललो, "परत घेऊ, माझा गंधार अडकला." पियानोवाला म्हणाला, "अडकला? मला वाटलं तुम्ही लावलात."

चौथा टेक घेतला. स्वच्छ होता आणि मेलेला होता. सहा वाजले.

पुढचे पंधरा दिवस मी तिसऱ्या टेकमधला तो एक सूर दुरुस्त करायच्या मागे लागलो. क्वालिटीचा माणूस, सवय जात नाही. पोरगा म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये एकच सूर अर्ध्याने वर उचलतो, बघू. उचलला. माझ्या माइकवर एकदम स्वच्छ शुद्ध गंधार आला. पण तोच कोमल गंधार पियानोच्या माइकमध्ये होता, ड्रम्सवरच्या दोन माइकमध्ये होता, तिथून कसा काढणार? सगळे ट्रॅक एकत्र लावल्यावर दोन्ही गंधार एकाच वेळी ऐकू आले, वरचा कोरडा, खालचा खोलीच्या कोपऱ्यातून आल्यासारखा. भुताटकी. त्याने माझ्याकडे बघितलं, पण "सांगितलं होतं ना, काका" असं म्हणाला नाही. चांगल्या घरचा मुलगा.

शेवटी मोबाइलवर तो टेक घेऊन गुरुजींकडे गेलो. वय ब्याऐंशी, जॅझशी संबंध नाही, पण कान शाबूत. त्यांना काहीच सांगितलं नाही. डोळे मिटून पूर्ण नऊ मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, "तिसऱ्या आवर्तनात गंधार कोमल लागलाय."

"हो गुरुजी. चावी अडकली."

"ते असू दे. लागला तर लागला. पण तू त्याच्यावर थांबला नाहीस. चोर पकडल्यासारखा पळालास मध्यमावर." मग थोड्या वेळाने, "तो पेटीवाला कोण आहे? तो थांबला."

पियानोवाल्याला मी अजून सांगितलेलं नाही की त्याचा उल्लेख पेटीवाला म्हणून झाला.

टेक तसाच ठेवला. माझं पळणंही ठेवलं, कारण ते काढायचं तर पुन्हा तीच भुताटकी. मिक्सिंगला चार बैठका लागल्या. मास्टरिंगवाल्याला एवढंच सांगितलं की आवाज फार दाबून मोठा करू नकोस, हळू आहे ते हळू राहू दे.

प्रकाशन म्हणजे प्रत्यक्षात फॉर्म भरणं. ज्या सेवेमार्फत गाणी सगळ्या ॲपवर जातात तिथे प्रत्येक रचनेला ओळख म्हणून बारा अक्षर-आकड्यांचा एक आयएसआरसी कोड, चौकोनी चित्र, रचनाकाराचं नाव, वादकांची नावं, प्रकार, भाषा. भाषा काय लिहिणार? 'शब्दविरहित' असा पर्याय खाली सापडला. प्रकार निवडताना जॅझ म्हणू की भारतीय शास्त्रीय, यात अर्धा तास घालवला, आणि शास्त्रीय म्हटलं तर गुरुजींना कळेल या भीतीने जॅझ निवडलं. जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात, २०१५ पासून तसं ठरलंय, म्हणून आमचाही शुक्रवार.

शुक्रवारी सकाळी सहाला उठून फोन उघडला. माझं नाव टाकलं. एक अभंग गाणारे गृहस्थ आले, अगदी माझ्याच नावाचे, डोक्याला पागोटं, आणि त्यांच्या अभंगांच्या यादीत सगळ्यात वर माझ्या पाच रचना. नाव एक म्हणजे माणूस एक, असं कुठल्यातरी यंत्राने ठरवलं होतं. दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत माझ्या रचना जितक्या ऐकल्या गेल्या तितक्या नंतरच्या तीन महिन्यांत नाही. सकाळी पूजेच्या वेळी विठ्ठलाच्या अभंगानंतर अचानक ड्रम्सचे ब्रश सुरू झाले तेव्हा किती घरांत कोणी हात पुसत धावत आलं असेल, कोण जाणे. त्या गृहस्थांना कोणीतरी कळवलं असावं, कारण त्यांच्या पानावर एक ओळ आली: वरील वाद्यसंगीत आमचे नाही, तथापि बरे आहे. अख्ख्या अल्बमवर छापून आलेला तो एकमेव अभिप्राय.

पैशांचं फार सांगण्यासारखं नाही. एका मोठ्या कंपनीचा नियम असा की बारा महिन्यांत हजार वेळा ऐकली गेली नाही तर त्या रचनेचा एक पैसाही मिळत नाही. पाचांतल्या दोन हजारापुढे गेल्या, त्यातली एक जोगची. फ्लूटच्या दोन्ही अजून तीनशेच्या आसपास रेंगाळतायत. स्टुडिओचा खर्च भरून निघायला मला लॉबीत आणखी बऱ्याच वेळा 'रूप तेरा मस्ताना' वाजवावं लागणार.

मार्चमध्ये कॅम्पातल्या एका लहानशा हॉलमध्ये आम्ही अल्बम समोरासमोर वाजवला. साठ खुर्च्या, पन्नासेक माणसं, गुरुजी पहिल्या रांगेत शाल घेऊन. जी-शार्पचं पॅड मी मधल्या काळात बदलून घेतलं होतं. चहा घेतला नव्हता, कागदाने दोनदा टिपलं होतं. जोग सुरू झाला. तिसरं आवर्तन आलं, मी खालून चढत आलो आणि शुद्ध गंधार लावला. स्वच्छ, सरळ, पॅड लोण्यासारखं उघडलं.

खाली पियानोवर जी मायनर.

दोन्ही गंधार एकमेकांवर असे घासले की पहिल्या रांगेत गुरुजींनी चष्मा काढला. मी पियानोवाल्याकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता. कसेबसे सावरलो, टाळ्याही पडल्या.

नंतर मागे सामान आवरताना मी त्याला म्हटलं, "अरे, तिथे मेजर आहे."

"नाही," तो केबल गुंडाळत म्हणाला, "रेकॉर्ड ऐका तुम्ही. त्यात मायनर आहे."